काकडी खायला कुणी माणसं बोलावतं का?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मागच्या महिन्यात एक बैठक झाली. इमारतीचा वर्धापनदिन जवळ आलाय आणि गच्चीवरच्या कार्यक्रमात खायला काय ठेवायचं ते ठरवायचं होतं. जेवण केटररचं, यावर एकमत होतं. प्रश्न होता स्टार्टरचा. केटररच्या छापील कार्डावर चार नावांपुढे आधीच खुणा करून आणल्या होत्या: हराभरा कबाब, पनीर चिली, क्रिस्पी कॉर्न आणि ड्राय मंचुरियन. मी म्हटलं, चारही तळलेले कशाला? दोन राहू द्या, आणि उरलेल्या दोनांच्या जागी वाफवलेली कोथिंबीर वडी आणि खमंग काकडी ठेवू. आमच्या विंगमधल्या एका ज्येष्ठ काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अहो वहिनी, काकडी खायला कुणी माणसं बोलावतं का?"

सगळे हसले. मीही हसले. ठराव मंजूर झाला आणि चारही तळणं कायम राहिली.

उत्तर मला बैठक संपल्यावर जिना चढताना सुचलं. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण घोडं चांगलं आहे, म्हणून इथे आणून बांधते. काका एकटे नाहीत. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही वाढदिवसाच्या, बारशाच्या, साखरपुड्याच्या तयारीत हेच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. त्यात एकूण पाच आक्षेप दडलेले आहेत. आपल्याकडे स्टार्टर नव्हतेच. पौष्टिक म्हणजे बेचव. साधं ठेवलं की पाहुण्याचा मान जातो. एका दिवसाने काय होतं. आणि हे सगळं करायला वेळ कुणाला आहे. पाचही आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण त्यातल्या प्रत्येकात थोडं खरं आहे.

पहिला आक्षेप असा, की स्टार्टर ही आपली चालच नव्हे. ती हॉटेलांकडून आली, तेव्हा पदार्थही हॉटेलचेच हवेत. यातलं अर्धं मला मान्य आहे. आपल्या पंगतीत आधी आणि मग असा क्रम नसतो. पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मध्ये वरणभाताची मूद. सगळं एकदम समोर, कशाला आधी हात घालायचा हे जेवणाऱ्याच्या मर्जीवर. पण ती डावी बाजू एकदा नीट बघा. आंबट, तिखट, खारट, आणि सगळं चमचाभर. भूक चाळवायचं काम तिच्याकडेच असतं. जेवणाआधी आल्याचा तुकडा मीठ लावून चघळावा ही आयुर्वेदाची शिकवणही त्याच कामासाठी. म्हणजे क्रम नव्हता, पण कल्पना होती.

आणि माणसं काय फक्त पंगतीलाच जमतात? चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही एका दुपारी घरोघरी हळदीकुंकू होतं. त्या दिवशी काय देतात? कैरीची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. गौरीपुढच्या आराशीत कलिंगडाची कमळं कापलेली असतात आणि काकडीचे काप मांडलेले असतात. दुपारी चार ते सात बायका येतात, उभ्या उभ्या वाटीभर खातात, बोलतात, पुढच्या घरी जातात. ही शुद्ध कॉकटेल पार्टी आहे, फक्त पन्ह्यावरची. कढई चढवायची गरज पडत नाही आणि कुणी उपाशी परत जात नाही. तेव्हा काका, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. बोलावतात. तुमच्या आईने बोलावलं असेल, आजीने तर नक्कीच.

'पार्टी' हा शब्द मराठी तोंडात ज्या खाण्याला सहज चिकटतो, तो हुरडा. थंडीत ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजायची, हातावर चोळायची, दाणे चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर खायचे. रायगडात त्याच दिवसांत पोपटी लागते: वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात कोंबायच्या, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. या दोन्ही पार्ट्यांना लोक शहरातून गाड्या करून जातात, पैसे मोजतात, फोटो टाकतात. तेलाचा थेंब नसतो, आणि कुणी विचारत नाही की शेंगा खायला माणसं बोलावतात का.

एक उदाहरण बैठकीत देता येत नव्हतं, ते इथे देते. मराठीत स्टार्टरला स्वतःचा शब्द आहे: चखणा. उपनगरातल्या कुठल्याही जुन्या परमिट रूममध्ये टेबलावर न मागता काय येतं, हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असावं. उकडलेले चणे, शेंगदाणे, काकडीचे काप, वर चाट मसाला आणि लिंबू. ज्या जागेला आपण तब्येतीची वैरीण म्हणतो, तिथली फुकटातली बशी आमच्या गच्चीवरच्या चार ट्रेंपेक्षा शहाणी निघावी, याला काय म्हणायचं?

दुसरा आक्षेप चवीचा. पौष्टिक म्हणजे पथ्याचं, पथ्याचं म्हणजे आजाऱ्याचं. ही समजूत काकांनी घरी बसून तयार केलेली नाही. तिला जबाबदार आहे तो दुसरा पंथ, ज्याचं ठाणं सध्या अंधेरी पश्चिमेला आहे. तिथल्या एका घरी मी गेले होते. टेबलावर बिनमिठाची ब्रोकोली, गाजराच्या कांड्या, काळ्या दगडाच्या पाटीवर अॅव्होकाडो लावलेले पावाचे चौकोन आणि क्विनोआचं काहीतरी होतं. यजमानीण बाईंनी प्रत्येक पदार्थाबरोबर त्यातली प्रथिनं सांगितली. पाहुणे माना डोलवत होते आणि परतताना रिक्षा वडापावच्या गाडीशी थांबवत होते. मी त्यातलीच एक. हेल्दीच्या नावाखाली उपास घडवणारा हा पंथ आणि चार तळणांचा पंथ, हे एकमेकांचे शत्रू नव्हेत. पहिल्याची बशी बेचव असते, म्हणून दुसऱ्याचा ट्रे भरलेला राहतो.

मला हमसशीही भांडण नाही. काबुली चणे आणि तीळ वाटून लिंबू पिळलं तर वाईट लागेल कशाला? पण बुडवून खायला काही हवं असेल तर आपल्याकडे चक्का आहे. दही फडक्यात चार तास टांगायचं आणि श्रीखंडाकडे न जाता मिरची, लसूण, मीठ, कोथिंबिरीकडे वळायचं. बाटलीतल्या मेयोनीजची जागा त्याने कधीच घ्यायला हवी होती. आणि ज्या पाकिटांवर मोठ्या अक्षरांत 'नाचणी', 'मल्टिग्रेन' लिहिलेलं असतं, ती उलटी करून बारीक अक्षरं वाचा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून नाचणीला बरे दिवस आले, हे चांगलंच झालं. पण तेलातून काढलेली नाचणीची चकती ही तळलेली चकतीच राहते.

चव कुठून येते, हा खरा प्रश्न. मराठी स्वयंपाकात ती फोडणीतून, आंबटातून आणि दाण्याच्या कुटातून येते. मोहरी, हिंग, कढीपत्ता यांचा वास तेलात उतरतो, म्हणून तेल हवंच, पण किती? चाळीस कोथिंबीर वड्यांवर घालायला दोन मोठे चमचे तेलाची फोडणी पुरते. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १४ ग्रॅम, आणि तेलाच्या दर ग्रॅमला ९ कॅलरी. हिशेब केला तर एका वडीच्या वाट्याला तेलाच्या जेमतेम सहा कॅलरी येतात. त्याच वड्या कढईत सोडल्या की वडीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि त्या जागी तेल शिरतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या दोन हजार कॅलरींच्या ताटात अख्ख्या दिवसाचं तेल-तूप धरलंय २७ ग्रॅम. म्हणजे तेच दोन मोठे चमचे. एका माणसाचं दिवसभराचं तेल आणि चाळीस वड्यांची फोडणी, माप एकच.

वाफवलेलं म्हणजे आजाऱ्याचं, हे ज्यांना पटतं त्यांनी एकदा घाटकोपरला फरसाणवाल्याच्या काउंटरशी उभं राहावं. ढोकळा, खांडवी, मुठिया, पात्रा. सगळं वाफेवरचं किंवा शिजवून थापलेलं, वर मोहरी-तिळाची फोडणी, खोबरं, कोथिंबीर. गुजराती घरातल्या लग्नात ढोकळा मानाने फिरतो, त्याला कुणी पथ्य म्हणत नाही. आणि पात्रा म्हणजे कोण? आपलीच अळूवडी. तेच पान, तेच बेसन, चिंच आणि गूळ. ती चिंचही नुसती चवीची नाही. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, त्या घशाला खाजवू नयेत म्हणून आंबट लागतंच. उंडे वळायचे, चाळणीत वीस-पंचवीस मिनिटं वाफवायचे, गार झाल्यावर कापायचे, इथपर्यंत दोन्ही घरं बरोबर चालतात. मग शेजारच्या बेन फोडणी घालतात आणि आपण कढई चढवतो. तळलेली अळूवडी मलाही आवडते. पण वाफवलेली अपुरी आहे, तिचा शेवटचा संस्कार राहिलाय, असं आपण कधीपासून मानायला लागलो?

तिसरा आक्षेप मानाचा, आणि तो मला सगळ्यात नाजूक वाटतो. पाहुण्यापुढे काकडी ठेवली तर लोक म्हणतील हात आखडता घेतला. पनीर दिसलं की खर्च दिसतो. हे खरं आहे, आणि ज्यांनी कधीकाळी मोजून-मापून दिवस काढले त्यांच्या मनातली ही बोच मी थट्टेवारी नेणार नाही. पण मुंबईच्या उपनगरात आज दुर्मिळ काय आहे? पनीर बारमाही, कॉर्नफ्लोअर बारमाही, फ्रोझन मक्याचे दाणे बारमाही. बारा महिने तेरा काळ सारखंच मिळणाऱ्या वस्तूने पाहुण्याचा विशेष मान कसा व्हायचा?

याउलट बोरिवली स्टेशनाबाहेर पावसाळ्यात सकाळी जाऊन बघा. वसई-विरारकडून आणि जंगलकडेच्या पाड्यांवरून बायका टोपल्या घेऊन येतात. करटोली, टाकळा, फोडशी, सुरुवातीच्या पावसात शेवळं. ही भाजी महिना-दीड महिना दिसते आणि नाहीशी होते. फोडशी बारीक चिरून, कांदा आणि बेसन घालून तिचे आप्पे करा. आप्पेपात्राच्या प्रत्येक खळग्यात तेलाचे चार थेंब पुरतात. पाहुण्याला सांगा, हे पुढच्या महिन्यात मिळणार नाही. मान म्हणतात तो हा. भाद्रपद-आश्विनात ओल्या शेंगा येतात. मिठाच्या पाण्यात उकडून परातीत ओतल्या की माणसं आपोआप परातीभोवती बसतात आणि गप्पा रंगतात, कारण शेंग सोलायला हात लागतात आणि हात गुंतले की मोबाइल बाजूला राहतो. थंडीत रताळी आणि शिंगाडे. उन्हाळ्यात कैरीची डाळ. ऋतूच मेनू लिहून देतो, केटररच्या कार्डाची गरज उरत नाही.

मासे खाणाऱ्यांनाही हीच वाट खुली आहे. वर्सोव्याची ताजी कोलंबी हळद, मीठ, आलं-लसूण चोळून तापल्या तव्यावर पाच मिनिटं ठेवली की झाली; जास्त ठेवली तर रबर होते, एवढंच लक्षात ठेवायचं. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारातून आणलेला जवळा निवडून कोरडा भाजायचा आणि कांदा, ओलं खोबरं, कोथिंबीर, थोडी चिंच घालून कालवायचा. गोव्यात याच धर्तीच्या पदार्थाला किसमूर म्हणतात. चमचाभर तोंडात घातला की भूक अशी खवळते की यजमानाला भात लवकर वाढावा लागतो. स्टार्टरने हेच तर करायचं असतं.

आणि चार तळणं नेमकं याच्या उलट करतात. आमच्या कार्यक्रमाचं वेळापत्रक ठरलेलं आहे: आठला माणसं येणार, साडेआठपासून ट्रे फिरणार, भाषणं, बक्षिसं, लहान मुलांचा नाच, जेवण दहाला. दीड तास माणसं मैदा, कॉर्नफ्लोअर आणि पनीर खातात आणि दहाला ताट हातात घेऊन म्हणतात, आता फक्त थोडा भात. मग आमटी तशीच राहते, भाज्या राहतात, श्रीखंड राहतं. ज्या जेवणासाठी माणसं बोलावली, ते जेवण होतच नाही. यात केटररचं नुकसान होत असेल, असं मला तरी वाटत नाही.

चौथा आक्षेप वरवर सगळ्यात समंजस आहे: एका दिवसाने काय होतं? रोज थोडंच खातो? मी मागच्या तीन महिन्यांची दिनदर्शिका काढून बघितली. दोन वाढदिवस, एक बारसं, एक निवृत्तीचा समारंभ, सत्यनारायण, नवऱ्याच्या ऑफिसातला निरोप, भाचीचा साखरपुडा, भिशी. 'एक दिवस' दर दहा-बारा दिवसांनी येत होता. उपनगरात माणसं जवळजवळ राहतात, नाती आणि ओळखी दाट असतात, आणि त्याचा आनंदच आहे. पण मग तो एक दिवस अपवाद उरत नाही.

शिवाय त्या गच्चीवर कोण बसलेलं असतं? आयसीएमआर-इंडियाब हा देशव्यापी अभ्यास जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे, आणि शहरी प्रौढांमध्ये प्रमाण १६.४ टक्के. म्हणजे आमच्या गच्चीवर शंभर मोठी माणसं असतील तर सरासरीने सोळा जणांचं औषध चालू असेल किंवा असायला हवं असेल. त्यांच्यातल्या अनेकांना दहाच्या जेवणापर्यंत थांबणं जमत नाही, काहीतरी खावंच लागतं. आणि त्या वेळी समोर त्यांनी खाण्यासारखं काही नसतं, असतं ते चारही तळलेलं. चारातले दोन पदार्थ वेगळे ठेवा म्हणणं हा त्या सोळांचा लाड नाही. पाहुणचार म्हणजे आलेल्या माणसाला बघून वाढणं, अशी माझी समजूत आहे.

इथे काका म्हणतील, म्हणजे आता सरकार आमच्या बशीत डोकावणार. जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलबीवर इशारा छापणार म्हणून गदारोळ झाला होता. प्रत्यक्षात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखरेचं प्रमाण सांगणारे फलक लावायला सुचवलं होतं, आणि फेरीवाल्यांवर किंवा भारतीय पदार्थांवर रोख नाही असा खुलासाही लगेच केला. मला फलक नकोत आणि बंदी तर अजिबात नको. दादर स्टेशनाबाहेर १९६६च्या सुमारास अशोक वैद्यांनी वडा पावात घातला, असं सांगतात. त्या शोधाबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण तो वडा खायचा कुठे? कढईपाशी, झाऱ्यावरून उतरल्या उतरल्या. तळलेल्या पदार्थाचं आयुष्य दहा मिनिटांचं. पार्टीत तो मंद बर्नरवरच्या झाकणाच्या भांड्यात तासभर घाम गाळतो, कुरकुरीतपणा जातो, तेल तेवढं राहतं. तळणाची खरी आवड असलेल्या माणसाने तर पार्टीतल्या तळणाविरुद्ध पहिला आवाज उठवायला हवा. वाफवलेली वडी मात्र गार झाली तरी वडीच राहते, फोडणी मुरल्यावर उलट थोडी चांगलीच होते.

याच सुरात आणखी एक गोष्ट ऐकू येते, की पावसाळ्यात तळलेलं निदान पोट बिघडवत नाही. यात तथ्य आहे. पावसाळ्यात चिरून ठेवलेली कच्ची कोशिंबीर आणि न शिजवलेले मोड मीही गर्दीपुढे ठेवणार नाही. मटकीचे मोड पाच मिनिटं वाफवून घ्यावेत आणि मग कांदा, लिंबू, कोथिंबीर घालावी. ओल्या खोबऱ्याची चटणी आयत्या वेळी वाटावी. पण तळण सुरक्षित म्हणताना ते कोणत्या तेलात, हेही विचारा. १ जुलै २०१८ पासून एफएसएसएआयचा नियम आहे, की तापून तापून टोटल पोलर कंपाउंड्स २५ टक्क्यांवर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. गच्चीच्या कोपऱ्यातल्या कढईत तेल कितव्यांदा तापतंय, हे कुठल्या सेक्रेटरीने कधी विचारलंय?

आता पाचवा आक्षेप, वेळेचा. दोघं नोकरीला, सकाळी आठ बेचाळीसची लोकल, रात्री साडेआठला घरी. पार्टीसाठी वाफवत बसायला कुणाला सवड आहे? त्यापेक्षा ऑर्डर द्या, नाहीतर सरळ कढई चढवा. माझं सगळं भांडण खरं तर या आक्षेपाशी आहे, कारण यात तळण हा सोपा मार्ग धरलाय. तीस माणसांसाठी वन बीएचकेच्या ओट्यावर तळण काढलंय कधी कुणी? ते आधी करून ठेवता येत नाही. पाहुणे आले की सुरू करावं लागतं आणि शेवटचा पाहुणा पुरे म्हणेपर्यंत थांबता येत नाही. तेलाचा धूर हॉलपर्यंत जातो. हॉलमधून आवाज येतो, "अगं, तू पण ये ना बाहेर!" आणि ती आतून म्हणते, "आले, एवढा घाणा काढते." घाणा कधी संपत नाही.

मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला मी असे दोन तास वडे तळले. वडे उत्तम झाले होते, सगळे सांगत होते. त्या दिवसाच्या छत्तीस फोटोंचा अल्बम आमच्याकडे आहे. त्यात मी एका फोटोत आहे, केक कापताना, केसांत पीठ लागलेली. पाहुण्यांत माझी शाळेतली मैत्रीण होती, सात वर्षांनी भेटत होती. तिच्याशी काय बोलले ते मला आठवत नाही, कारण बोललेच नाही.

म्हणून पौष्टिकपेक्षा 'साधं' हा शब्द मला मोठा वाटतो. स्टार्टरची माझी कसोटी दोन प्रश्नांची आहे: पाहुण्याची भूक शाबूत राहिली का, आणि करणारं माणूस बाहेर येऊन बसलं का? या दोन्हींतून पार झालेला पदार्थ पौष्टिक असतोच, त्यासाठी वेगळा तक्ता काढावा लागत नाही.

शनिवारची पार्टी, तीस माणसं, असं धरू. गुरुवारी रात्री मटकी भिजत घालायची, शुक्रवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, शनिवारी सकाळी चांगले मोड. शनिवारी सकाळीच दोन मोठ्या जुड्या कोथिंबीर, अर्धा किलो बेसन, मूठभर तांदळाचं पीठ, तीळ, तिखट, चिंचेचा कोळ. थाळीला तेलाचा हात लावून मिश्रण थापायचं आणि शिट्टी न लावता कुकरमध्ये वीस मिनिटं. सत्तर-ऐंशी वड्या पडतात. दुपारी फोडणी. संध्याकाळी सहाला दोन किलो काकडी कोचायची, दाण्याचं कूट तयार ठेवायचं, आणि मीठ, साखर, लिंबू मात्र वाढायच्या क्षणी, नाहीतर पाणी सुटून काकडी पोहायला लागते. पातळ पोह्यांवर नारळाचं पाणी, कांदा, खोबरं, लिंबू घालून झाकून ठेवले की दडपे पोहे गॅस न पेटवताच होतात. यातलं निम्मं काम नवरा आणि मुलगा करू शकतात. काकडी कोचायला मातृत्व लागत नाही. सातला ओटा पुसलेला असतो आणि घरातली माणसं कपडे बदलून पाहुण्यांची वाट बघत बसलेली असतात.

आणि एवढंही जमणार नसेल तर विकत आणा. ढोकळा आणा, पात्रा आणा, उकडलेल्या शेंगा आणा, पेरूच्या फोडींवर तिखटमीठ भुरभुरवा. विकत आणण्यात कमीपणा नाही. स्वतः सगळं केल्याशिवाय पाहुणचार नाही, हा हट्टसुद्धा बायकांना ओट्याला बांधून ठेवणाऱ्या त्याच दोरीचा दुसरा पीळ आहे.

तर काका, काकडी खायला माणसं बोलावतात का? माणसं माणसांशी बोलायला बोलावतात. काकडी कोचायला पंधरा मिनिटं लागतात आणि बाकीची संध्याकाळ मोकळी राहते. या वर्षीचा ठराव मंजूर झालाय, तो मी मोडत नाही. चारही ट्रे फिरतील, एखादा कबाब मीही उचलेन. पण पुढच्या वर्षीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'स्टार्टर' हा विषय पहिला घ्यावा, असा अर्ज मी सेक्रेटरींकडे आजच दिलाय. कार्डावरची दोन नावं खोडायला पेन माझं.